यादीतलं शेवटचं नाव

थर्मामीटर कॉलेजचा आहे.
निवृत्त होताना परत करायचा राहिला,
म्हणजे मीच राहू दिला.
अठ्ठावीस वर्षं भौतिकीच्या प्रयोगशाळेत
काचा पुसल्या, पोरांचे आकडे तपासले.
पारा काय म्हणतो
हे मात्र मला कुणी विचारलं नाही.

विचारलं ते इमरती कुशवाहनं.
हजिऱ्याच्या मागं, पत्र्याच्या खोल्यांत राहते,
फरशी घासायच्या कारखान्यात जाते.
"मास्टरसाब, रेडिओ म्हणतो सेहेचाळीस.
मग वीज जाते म्हणून ठेवलेली माझी मेणबत्ती
न पेटवताच का वाकते?"

मी तिच्या खुंटीला थर्मामीटर टांगला.
दुपारचे तीन. एकोणपन्नास.
तिनं पदरानं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं,
जणू चूक काचेची असावी.

गिरधारी गेला तो मागच्या नवतप्यात.
ट्रकमध्ये फरशा चढवता चढवता खाली बसला,
पाणी मागितलं,
आणि पाणी येईपर्यंत
पाण्याचं नाव विसरला.
कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं.
ते तर सगळ्यांचंच पडतं.
का पडलं, त्याला रकाना नव्हता.
मी जन्मभर रकाने आखले.
आणखी एक आखायला
पट्टी आणि पेन्सिल, दुसरं काय लागतं?

म्हणून मग वही. म्हणून मग चुना.
चुन्यात मीठ, थोडा सरस, रात्रभर भिजवलेला.
पहाटे पाचला बायका पत्र्यावर चढल्या,
पाय खिळ्यांच्या ओळीवरच ठेवायचा,
मध्ये ठेवला की पत्रा बसतो.
नन्हे खाँ खालून ओरडले,
"मला आजवर पुष्कळ जण चुना लावून गेले,
तुम्हीही लावा!"
त्यांना दिसत नाही. पण दुपारी
तळहात वर करून छताखाली उभे राहिले बराच वेळ,
आणि काही बोलले नाहीत.

एक मोर ओल्या चुन्यावरून चालत गेला.
त्याची पावलं अजून आहेत तिथं.

एकोणपन्नासचे पंचेचाळीस झाले.
चार अंश.
पोरांना शिकवताना मी म्हणायचो,
चार अंश म्हणजे काचेवरच्या चार रेघा.
इमरतीची नात त्या चार रेघांत
दीड तास झोपली.

कारखान्याच्या मालकाला सांगितलं,
बारा ते चार काम नको, पहाटे लवकर या म्हणा.
त्यानं ऐकलं नाही.
मग अर्धं ऐकलं: एक ते तीन.
उरलेल्या अर्ध्यासाठी
अजून रोज कुणीतरी जातं, चहा पितं, परत येतं.

आणि यादी. ही इमरतीची कल्पना.
एकट्या माणसांची. तीन वाजता दार वाजवायचं,
उत्तर आलं नाही तर शेजाऱ्याकडची किल्ली.
मी म्हणालो, दे, सुवाच्य अक्षरात उतरवून देतो.
नको म्हणाली. लपवलीही थोडी.

आज ती यादी पाण्याच्या टाकीवर चिकटलेली दिसली.
कल्लो बुआ, पहिली खोली, पाय सुजतात.
नन्हे खाँ, आवाज देऊन आत जाणे.
हुकुमसिंग, दारू प्यायला असेल तरी उठवणे.
खाली, वेगळ्या पेनानं:
फाळके मास्टर, दगडी पाटांचं छत, वय एकाहत्तर,
कमी ऐकू येतं, दोनदा वाजवणे.

मला जरा रागच आला.
घरी आलो, वही उघडली, डोळा लागला.
दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोनला ओकतो,
त्यामुळे हल्ली झोप दुपारी येते, कशीही, कुठंही.

मग कडी वाजली.
मी पडून राहिलो. या घराची कडी
दुपारी कधी वाजतच नाही.
पुन्हा वाजली.

इमरती आत आली, थर्मामीटरकडे पाहिलंसुद्धा नाही,
सरळ माठाशी गेली, बोटानं टकटक केली.
आवाज पोकळ.
"दुसऱ्यांचे माठ मोजता," म्हणाली,
आणि कळशी घेऊन गेली भरायला.
दार उघडंच ठेवून.